सगळ्या धर्मांचा मान, पण खोली द्यायची म्हटलं की आडनाव?

टिळकवाडीचा भाडेकरू: अमेरिकेतल्या प्यू या सर्व्हे करणाऱ्या संस्थेनं 2019-20 ला भारतभर जवळपास 30 हजार लोकांना विचारलं, रिपोर्ट 2021 ला आला. खरा भारतीय म्हणजे सगळ्या धर्मांचा मान राखणारा, हे फार महत्त्वाचं म्हणाले 84 टक्के. आणि त्याच सर्व्हेत 36 टक्के हिंदूंना मुसलमान शेजारी नको, आपल्या समाजातल्या बायकांना धर्माबाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं असं 67 टक्के हिंदू आणि 80 टक्के मुसलमान म्हणतात. आता बेळगावात खोली शोधून बघा, फोनवर भाडं डिपॉझिट सगळं ठरतं नि मग हळूच "आडनाव काय म्हणालात?"

खानापूरकर: घर माझं, कर्ज मी फेडलंय, कुणाला द्यायचं ते मीच ठरवणार की. नको म्हटलं म्हणजे लगेच द्वेष होतो काय? आमच्याकडं सगळे आपापल्या गल्लीत राहतात, सौंदत्तीच्या यल्लम्माला कन्नड मराठी सगळेच जातात, कोण कुणाच्या चुलीत डोकावत नाही म्हणून तर शांतता हाय.

वडगावची सून: डोकावत नाहीत? आमच्या मालकीणबाई कचऱ्याच्या बादलीत अंड्याची टरफलं शोधायच्या.

खानापूरकर: ते तुमचं नशीब.

निपाणीकर: कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नड पाहिजे असा कायदा 2024 ला झाला तेव्हा आपण मराठी लोक किती चिडलो, भाषिक अल्पसंख्याक, घटनेचं कलम 350 अ, मातृभाषेतनं प्राथमिक शिक्षण, सगळं पाठ हाय आपल्याला. आणि ते बरोबरच, माझी पोरं मराठी शाळेतच शिकली. पण सरकारपुढं अल्पसंख्याक आणि खोली देताना एकदम मालक, हे कसं काय?

सीमावासी: दोन्ही एकत्र कालवू नका. सरकारला भेदभाव करायचा हक्कच नाही, माणसाला आवडनिवड असते. 1956 पासून लोक महाराष्ट्रात जायला झगडायलेत, 2004 पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात पडून हाय, त्याची बरोबरी एका खोलीशी?

निपाणीकर: एका घरानं नाही म्हटलं तर आवडनिवड हो, अख्ख्या गल्लीनं म्हटलं तर त्या माणसानं कुठं जायचं ते सांगा आधी.

खानापूरकर: आणि 36 नको म्हणाले तर बाकीच्यांचं काय? ते आकडे कोण सांगत नाही.

वडगावची सून: मग त्या बाकीच्यांपैकी कुणाची इथं बेळगावात, शहापुरात वन बीएचके हाय काय? दोघंच आहोत, मासे खातो, आडनाव आधीच सांगते.

खानापूरकर: माझी हाय एक. मासे सोडून बोला.