आठ फुटी कपाट आणि वॉशिंग मशीनचा कोनाडा: दारं कोणती लावू?

कपाट आठ फूट रुंद, समोरच पलंग, मध्ये जेमतेम दोन फूट. सरकती दारं की घडीची? शेजारच्या कोनाड्यात मशीन आहे, तिथेही दार हवंय.

उत्तर: पलंग इतका जवळ, तर सरकतीच घ्या. पण दोन पल्ल्यांत एका वेळी अर्धंच कपाट उघडतं. आतला ड्रॉवर पल्ल्यांच्या जोडामागे अजिबात येऊ देऊ नका. तो अडकतो आणि रोजची चिडचिड होते.

उत्तर: मशीनला मात्र झडपांचं (हवा जायला तिरक्या पट्ट्यांच्या फटी असलेलं) घडीचं दार. दमट हवेला वाट हवीच, नाहीतर कुबट वास धरतो. फ्रंट लोड (समोरून कपडे टाकायचं) असेल तर मशीनचं झाकण पूर्ण उघडून माप घ्या. घडी झालेले पल्ले नेमके तिथेच आड येतात.

फ्रंट लोडच आहे! आजच मोजते.