ठाण्याजवळ देवयानी नुसत्या डोळ्यांनी कुठून दिसेल?

मंडळी, मदत हवी आहे. दुर्बिणीशिवाय सहज दिसणारी सर्वांत लांबची गोष्ट म्हणजे देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी), सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर. सहावीतल्या लेकीला ती नुसत्या डोळ्यांनीच बघायची आहे. ("दुर्बिणीतून काय, कोणालाही दिसेल!")

घोडबंदरला गच्चीवरून तिच्या शेजारच्या तारकासमूहांतला शर्मिष्ठेचा एम आणि महाश्वाचा चौकोन कसाबसा लागतो. जागा नक्की बरोबर आहे, कारण बायनॉक्युलरमधून तिथेच लांबट, धुरकट ठिपका दिसतो. बायनॉक्युलर खाली घेतला की नुसतं राखाडी आभाळ. अर्धा तास अंधारात बसणं, फोन बंद, जरा बाजूला नजर ठेवून बघणं, सगळं करून झालं. खारघरच्या टेकडीवरही तेच. खालचा उजेड सोडत नाही.

दिवाळीची अमावास्या फटाक्यांच्या धुरातच जाते, म्हणून त्यापुढची, कार्तिक अमावास्या धरली आहे. तेव्हा देवयानी रात्री आठच्या सुमारास उत्तरेला चांगली वर असते. चारचाकी नाही, लोकलने जाऊन त्याच रात्री परतायचंय, त्यामुळे डोक्यात बदलापूरच्या पुढचं वांगणी आहे.

तिथून अलीकडे कोणी ती नुसत्या डोळ्यांनी पाहिली आहे का? स्टेशनपासून किती आत जावं लागतं? की बदलापूरचा उजेड आता तिथवर पोचलाय आणि माळशेजच गाठावा लागेल?