मदत हवी आहे: सोमवारी युनिव्हर्सिटीत जॉइन व्हायचंय, एसएसएन नाही!

निळापक्षी
अमेरिकेतल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत सोमवारपासून रुजू होतोय. 'स्वागत आहे' म्हणून मेलवर मेल येतायत, पण एचआरचं पोर्टल एसएसएन (इथला सोशल सिक्युरिटी नंबर) टाकल्याशिवाय पुढच्या पानावर जातच नाही. फोन केला तर ईमेल करा म्हणतात, ईमेलला ऑटो-रिप्लाय. पगार अडकेल का? एक तारखेला भाडं द्यायचंय. प्लीज लवकर सांगा.

मेघना_ओहायो
व्हिसा कोणता? पद काय? येऊन किती दिवस झाले? एसएसएनचा अर्ज केलाय का?

जुना_भिडू
नंबर नसेल तर काम करू देत नाहीत. जॉइनिंगची तारीख पुढे ढकला, मी तेच केलं होतं.

मेघना_ओहायो
@जुना_भिडू, कृपया घाबरवू नका. नंबर यायच्या आधी काम सुरू करता येतं. अर्ज केलेला असेल तर आय-९ फॉर्मवर (नोकरी करायची परवानगी तपासायचा फॉर्म) ती जागा कोरी ठेवतात. फॉर्मचा पहिला भाग रुजू व्हायच्या दिवसापर्यंत भरायचा, आणि त्यानंतर कामकाजाच्या तीन दिवसांत कागदपत्रं दाखवायची. मूळ प्रती, झेरॉक्स नाही.

जुना_भिडू
आमच्याकडे ई-व्हेरिफाय (ती परवानगी सरकारकडून ऑनलाइन तपासून घेणं) होतं. तिथे नंबर लागतोच.

मेघना_ओहायो
लागतो, पण नंबर येईपर्यंत ती केस थांबते. माणसाला घरी बसवायचं नसतं.

सेवापुस्तक
इकडे महाराष्ट्रात आमच्या राज्य विद्यापीठात रुजू अहवाल, वैद्यकीय दाखला, जात वैधता... नव्या माणसाची पहिल्याच आठवड्यात दमछाक. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना साधारणपणे जुनी पेन्शन नाही, हेही पहिल्या दिवशी कुणी नीट समजावत नाही. सांगायला हवं. तिकडे पेन्शनचं कसं असतं?

अन्नपूर्णा
कुकर आणलात का? रिंग आणि शिट्टी जास्तीची मागवून ठेवा, इथे आपल्या मापाची पटकन मिळत नाही.

निळापक्षी
जे-१ (एक्स्चेंज व्हिसा), पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं पद). गेल्या आठवड्यात आलो. एसएसएनचा अर्ज एचआर करतं ना?

मेघना_ओहायो
नाही हो, तो तुम्हीच करायचा! आधी युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये चेक-इन करा. ते सेव्हिसमध्ये, म्हणजे व्हिसावाल्यांच्या सरकारी नोंदणीत, तुमची नोंद पक्की करतात. मग दोनेक दिवस थांबून सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात जा. त्याआधी गेलात तर हात हलवत परत याल. अर्जाची पावती मागून घ्या, एचआरला पाठवा आणि पोर्टलसाठी तात्पुरता नंबर मागा.

आणि विमा! जे-१ला तो प्रोग्रॅमच्या पहिल्या दिवसापासून सक्तीचा आहे, दर आजाराला किंवा अपघाताला किमान १ लाख डॉलरचा. युनिव्हर्सिटीचा कधी लागू होतो ते विचारा. मधल्या दिवसांसाठी वेगळा घ्यावा लागला तर घ्याच.

पहिली पे-स्लिप नीट बघा. याआधी एफ (विद्यार्थी) किंवा जे व्हिसावर राहिला नसाल तर साधारणपणे पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (निवृत्ती आणि म्हातारपणच्या आरोग्य विम्याचे कर) ७.६५ टक्के कापायचे नसतात. पेरोलवाले सवयीने कापतात, मग ते परत मिळवायला फार पाठपुरावा करावा लागतो.

जुना_भिडू
हे विम्याचं बरोबर आहे. पण ४०३-बी (पगारातून निवृत्तीसाठीची बचत) मात्र लगेच सुरू करा, पुढे ढकललं की राहूनच जातं.

मेघना_ओहायो
पोस्टडॉकचा पगार, त्यात भाडं अडलेलं. आधी भाडं भरू दे त्याला.

निळापक्षी
आज शुक्रवार, इंटरनॅशनल ऑफिस पाचला बंद होतं. आत्ताच निघतोय. काय काय नेऊ?

मेघना_ओहायो
पासपोर्ट, डीएस-२०१९ची (जे-१साठी मिळालेला फॉर्म) मूळ प्रत, आणि सीबीपीच्या (सीमा तपासणी खातं) साइटवरून काढलेली आय-९४ची (देशात आल्याची नोंद) प्रिंट. इथला पत्ता आणि फोन नंबर लिहून ठेवा, तो विचारतातच.