मदत हवी आहे: नेटवर्क स्विचमध्ये दुसरा पॉवर सप्लाय बसवायचाय, दोन फेज चालतील का?

मंडळी, सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजचं नेटवर्क माझ्याकडे आहे. मेन रॅकमध्ये सिस्को कॅटॅलिस्ट 9300 स्विच आहे, 24 पोर्टचा, पीओई (नेटवर्कच्या केबलमधूनच कॅमेऱ्यांना वीज देणारा). त्यात 715 वॅटचा एकच सप्लाय होता, दुसरी खाच झाकण लावून रिकामी. आता दुसरा सप्लाय आलाय. स्विच चालू ठेवून तो बसवता येतो हे माहीत आहे, घोडं अडलंय ते लाइनपाशी.

पहिला सप्लाय यूपीएसवर आहे. उद्या यूपीएसच बंद पडला तर स्विच चालू राहावा म्हणून दुसऱ्याला भिंतीवरच्या बोर्डातून थेट लाइन द्यायचीय. तो बोर्ड वेगळ्या फेजवर आहे. आमचे वायरमन म्हणतात, "एका मशीनात दोन फेज घातले की 400 व्होल्ट, उडणारच." खरं आहे का?

आणखी एक. रॅकच्या दाराला उघडा हात लागला की कधीकधी झिणझिण्या येतात. यूपीएसच्या सॉकेटवर मीटर लावून पाहिला: फेज-न्यूट्रल 231, फेज-अर्थ 126, न्यूट्रल-अर्थ 104. याचा काही संबंध आहे का?

प्रतिसाद
दोन फेज बिनधास्त द्या. प्रत्येक सप्लाय आपल्या आत एसीचं डीसी करतो, मधे ट्रान्सफॉर्मर असतो. स्विचमध्ये दोघांची भेट होते ती फक्त डीसी बाजूला. मोठ्या डेटा सेंटरमध्ये मुद्दामच दोन वेगळ्या लाइन देतात. वायरमनांचं एक मात्र बरोबर: रॅकमध्ये त्या दोन फेजच्या मधे 400 व्होल्ट असतील. दोन्ही कॉर्डना लेबल लावा आणि एक उपटली म्हणजे स्विच मेला असं धरून आत हात घालू नका.

प्रतिसाद
फेजचं सोडा हो, ते 126 आणि 104 बघा! अर्थ तुटलाय. अर्थिंग धड असतं तर फेज-अर्थ 230च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत आलं असतं. प्रत्येक सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून बॉडीकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ जोडलेला असेल तर ती बारीकशी गळती जमिनीत जाते. नसेल तर बॉडी अर्ध्या व्होल्टेजवर तरंगते, त्याच तुमच्या झिणझिण्या. आणखी एक सप्लाय लावलात तर गळती वाढेलच. हे दुरुस्त होईपर्यंत नवा सप्लाय खोक्यातच राहू द्या. नव्या बोर्डावरही तिन्ही वाचनं घ्या. आणि स्विचला अर्थचा वेगळा स्क्रू असतो, तिथून रॅकला जाड हिरवी वायर ओढा. बऱ्याच ठिकाणी ती ओढलेलीच नसते.

धागाकर्ता
धन्यवाद. वायरमनना घेऊन यूपीएसकडचा बोर्ड उघडला. हिरवी वायर टर्मिनलवर नव्हतीच, टेप गुंडाळून मागे खोचून ठेवली होती! जोडल्यावर फेज-अर्थ 229, न्यूट्रल-अर्थ दोनच्या आत. नवा बोर्डही ठीक आहे, झिणझिण्या गेल्या. आता कॉर्ड आधी लावू की सप्लाय आधी? आणि पीओई आता दुप्पट मिळेल ना? प्राचार्यांना आणखी कॅमेरे हवेत.

प्रतिसाद
आधी सप्लाय, कॉर्ड न लावता. एक हात हँडलला, दुसरा खाली आधाराला, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा. सरळ आत सरकवा, खटका वाजेपर्यंत. अडला तर ठोकू नका, बाहेर काढून परत सरळ धरा. झाकण काढल्यावर खाचेत बोट घालायचं नाही, आतल्या भागात करंट असतो. मग कॉर्ड, मग हिरवा दिवा.

पीओईबद्दल: स्विचवर 'शो पॉवर इनलाइन' ही कमांड मारून वापर बघा. दोन्ही सप्लायच्या बेरजेवर कॅमेरे वाढवलेत आणि एक सप्लाय गेला, तर काही पोर्ट बंद पडतील. मग दुसरा आणला कशाला? एकट्या सप्लायला झेपेल तेवढेच लावा, उरलेल्या कॅमेऱ्यांसाठी प्राचार्यांकडे दुसरा स्विच मागा.

धागाकर्ता
शनिवारी कॉलेज सुटल्यावर बसवतो. खाचेचं झाकण टाकून देऊ का?

प्रतिसाद
ठेवा जपून. सप्लाय दुरुस्तीला गेला की तेच लागतं, उघड्या खाचेतून हवा भलतीकडे जाते.