टेकडीवर रोज गाळतो तो घाम कुणाच्या कामी लावावा का?

पहाटपाखरू

मंडळी, परवा चहाच्या टपरीवर आमच्या ग्रुपात जे वाजलं ते इथे आणतोय. तिथे मिटलं नाही, इथे निदान चार नवी डोकी तरी मिळतील.

आम्ही १८ जण. वयं ३१ ते ६७. सहा वर्षं झाली, सोमवार ते शनिवार पहाटे साडेपाचला एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने पुण्यातली वेताळ टेकडी चढतो. खाणीपाशी बारा सूर्यनमस्कार, बैठका, थोडं पळणं, मग उतरून चहा. मी एवढंच सुचवलं की बुधवारी आणि शनिवारी प्रत्येकाने घरून पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून आणावेत आणि वरच्या रोपांना घालावेत. बैठका त्या दिवशी कमी काढू.

कारण असं. मागच्या जुलैत एका संस्थेबरोबर आम्ही वर २०० रोपं लावली. टी-शर्ट मिळाले, पोहे मिळाले, बॅनर धरून फोटो झाला. या फेब्रुवारीत मोजली तर ४१ जिवंत. खड्डे खणायला शंभरावर माणसं होती, पाणी घालायला टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक काका. रोज दोन कॅन. त्यांच्या कॅनच्या कडीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली आहे, बोटं कापू नयेत म्हणून. म्हणजे किती दिवस चालू असेल बघा.

लंडनमध्ये २००९ पासून गुडजिम नावाची संस्था हेच करते. लोक घोळक्याने पळत एखाद्या सार्वजनिक बागेत जातात, माती उपसतात, खोकी हलवतात आणि पळत परत येतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडेही आठवड्यातून एकदा ठरलेला एकजण पळत जातो, गप्पा मारतो. त्या आजी-आजोबांना ते 'कोच' म्हणतात, कारण त्यांच्यामुळे याचं पळणं होतं. मला ही कल्पना जाम आवडली. ग्रुपातल्या निम्म्यांना नाही. तुमचं काय?

निवांत_नारायण

सपशेल असहमत.

सकाळचा तो तास माझा आहे. दिवसभर बॉस, संध्याकाळी पोरांचे क्लास, रात्री सोसायटीची मीटिंग. टेकडीवर मला कोणी 'अहो, तुमचं राहिलं' म्हणत नाही, म्हणून तर मी जातो. तिथेही तुम्ही हजेरीपट लावणार. आज कॅन, उद्या कचरा, परवा रक्तदान. मग एक दिवस दांडी मारली की तोंड चुकवत दुसऱ्या वाटेने चढायचं.

आणि मुळात हे काम कोणाचं? मी मिळकतकर भरतो, तोही मुदतीत, सवलत घेऊन. रोपं लावली की आकडे जाहीर होतात, जगवायची वेळ आली की हौशी मंडळी. तुम्ही कॅन वाहिलेत की जाब विचारणारं कोणी उरत नाही. तुमचे ते पोस्टातले काका थोर आहेत, पण त्यांच्यामुळेच बाकीच्यांचं फावतं. कटू आहे, पण आहे.

माजघर

निवांतराव, तुमच्या बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालतं हो? सहज विचारलं.

निवांत_नारायण

बायको. पण ती टेकडीवर येत नाही, त्यामुळे मुद्दा गैरलागू. :)

माजघर

मुद्दा तिथेच लागू झाला. असो.

वर्गीकरण

मी कचरावेचक महिलांबरोबर बरीच वर्षं काम करते, त्यामुळे थोडं लांबेल.

पाण्याचं ठीक आहे. पण या धाग्यात पाच प्रतिसादांत कोणीतरी 'प्लॉगिंग करूया' म्हणणारच, म्हणून आधीच लिहिते. पळता पळता कचरा उचलायचं हे फॅड २०१६च्या सुमारास स्वीडनमधून निघालं आणि आपल्याकडे रविवारी सकाळी फोफावलं. माझ्या भागात एक ग्रुप येतो. हातमोजे नवे, गोण्या नव्या. तासाभरात वीस गोण्या भरतात, फोटो होतो, गोण्या कोपऱ्यावर ठेवून मंडळी मिसळ खायला. त्या गोणीत काय असतं? उरलेलं जेवण, बिअरच्या फुटक्या बाटल्या, वेफर्सची पाकिटं, डायपर, सगळं एकत्र. दुपारपर्यंत कुत्री फाडतात. सोमवारी आमच्या ताई येतात आणि तोच कचरा दुसऱ्यांदा उचलतात, या वेळी काचेसकट. एकीचा तळवा असा चिरला की तीन टाके पडले. त्या दिवसाची कमाई गेली, वर दवाखान्याचा खर्च.

पुण्यात ही कामं करणाऱ्या बायकांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली आणि त्यातून २००८ मध्ये स्वच्छ ही त्यांचीच सहकारी संस्था निघाली. दारोदार कचरा घ्यायचा, त्यातला विकता येईल तो माल वेगळा काढून विकायचा, त्यावर घर चालतं. तुम्ही स्वच्छ बाटल्या, पुठ्ठा वेगळा ठेवलात तर त्यांना पैसे मिळतात. वेफर्सचं पाकीट भंगारवाला हातात घेत नाही. हे पळणाऱ्यांपैकी कितीजणांना माहीत असतं?

तर उचला जरूर, पण तिथेच बसून निवडा. पंधरा मिनिटं उकिडवं बसून निवडणं हा बैठकांपेक्षा कठीण व्यायाम आहे, करून बघा. आणि त्या भागातल्या ताईला आधी विचारा की कुठे ठेवू. तिचं काम तुमच्यामुळे वाढणार की कमी होणार, ते तीच सांगेल.

गवत्या

आमचा विरोध वेगळ्याच कारणाने. मुळात ती २०० रोपं तिथे लावायचीच का होती?

पुण्याच्या टेकड्या म्हणजे उजाड माळ, कोणीतरी हिरव्या करायला हव्यात, हा समज फार जुना. त्यातूनच टेकड्यांवर गिरिपुष्प लावलं गेलं, म्हणजे ज्याला लोक उंदीरमारी म्हणतात ते. मूळचं मध्य अमेरिकेतलं, भराभर वाढणारं. त्याच्याखाली काय उगवतंय ते वाकून बघा एकदा. याउलट मोकळ्या गवतात चंडोल जमिनीवर घरटं करतो, टिटवी खडीत अंडी घालते. १८ जण बुटं घालून, कॅन घेऊन तिथे घुसलात तर अंड्यांवर पाय पडणार. वनखात्याच्या जागेत विचारल्याशिवाय खड्डा खणता येत नाही तो काही उगाच नाही.

पळस, सालई, मेडशिंगी लावली असेल आणि जागा आधीच झाडांची असेल तर घाला पाणी. गवताच्या पठारावर असेल तर मरू द्या. स्पष्ट बोललो, राग नसावा.

पहाटपाखरू

राग नाही, पण 'मरू द्या' जरा लागलं. आज मुद्दाम बघून आलो. ४१ पैकी २९ उतारावरच्या जुन्या झाडोऱ्यात आहेत, बरीचशी पळस आणि बहावा. १२ पठारावर. त्या बाराबद्दल तुमचं म्हणणं पटतंय, तरी मन होत नाही.

निवांतराव, जाब विचारायचा मुद्दा खरा आहे. पण अर्ज लिहून उत्तर येईपर्यंत एप्रिल संपतो. पळसाला ते कळत नाही.

गुडघेदुखी

पेशाने फिजिओ. सेवेबिवेतलं मला कळत नाही, शरीराचं सांगतो.

कॅनची कल्पना व्यायाम म्हणून उत्तम आहे. जिममध्ये दोन हातांत वजनं धरून चालवतात, 'फार्मर्स वॉक' म्हणतात त्याला आणि फी घेतात. पकड, खांदे, पाठीचा कणा, सगळ्याला काम. टेकडीवर आणखी एक फायदा आहे जो जिममध्ये नाही: गुडघ्यावर जास्त ताण उतरताना येतो आणि उतरताना तुमचे कॅन रिकामे असतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काहीतरी. तुमच्या ग्रुपचं चालणं भरपूर होतं, ताकदीचं बहुधा कमी पडत असेल. बुधवार-शनिवार तिथे चपखल बसतात.

मात्र एका हातात एक कॅन नको, दोन्हीकडे सारखं वजन. साठीच्या पुढच्यांनी अडीच-अडीच लिटरपासून सुरुवात करा. आणि खड्डे खणण्याला व्यायाम समजू नका. वर्षातून एकदा कमरेतून वाकून टिकाव मारणारे लोक दर जुलैत माझ्याकडे येतात.

एकटी_कोथरूड

माझं वय ७८. मुलगा सिएटलला, मुलगी बंगळुरात. तुमच्या त्या लंडनच्या 'कोच'बद्दल वाचून हसू आलं. व्यायाम म्हणून कोणी माझ्याकडे येणार? मी काय डंबेल आहे?

पण रात्री पुन्हा विचार केला. माझ्या स्वयंपाकघरातली ट्यूब तीन आठवडे गेलेली आहे. माळ्यावर पुरणयंत्र आहे, ते होळीला निघालं नाही, पुरण मिक्सरमध्ये काढलं आणि त्याचा लगदा झाला. इलेक्ट्रिशियन एका ट्यूबसाठी येत नाही. तर अशी कामं आहेत, नाही असं नाही. परंतु अनोळखी, घामाघूम पाच माणसं दारात आली तर मी साखळीसुद्धा काढणार नाही. आमच्या इमारतीत गेल्या वर्षी मीटर तपासायच्या नावाखाली येऊन एकीच्या पाटल्या गेल्या.

एकच माणूस यावं, दर वेळी तेच, आधी फोन करून. त्याची कुणीतरी चौकशी केलेली असावी. बसून चहा घ्यावा. आणि दोन महिने येऊन मग बंद होणार असेल तर येऊच नये. ते जास्त लागतं.

निवांत_नारायण

आजी, तुम्ही कोथरूडमध्ये नक्की कुठे ते इथे लिहू नका. संपादकांना व्यनि (खासगी निरोप) करा, ते मला कळवतील. ट्यूब मी बदलून देतो. हा व्यायाम नाही आणि समाजसेवाही नाही, शेजार आहे. धाग्यावरचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

माजघर

स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

एकटी_कोथरूड

व्यनि केला आहे. पुरणयंत्र पितळी आहे, जड आहे. स्टूल डगमगतं, पायाखाली पुठ्ठा घालावा लागतो.

पहाटपाखरू

काल ग्रुपात पुन्हा विषय काढला. अकरा जण तयार, चार जणांचा नकार, तिघं 'बघू'. नकारवाल्यांना कोणी टोकायचं नाही असं ठरलंय, चहा सगळ्यांचा एकत्रच. हजेरी घेणार नाही. पठारावरच्या बारा रोपांबद्दल वनखात्याला विचारतोय, तोवर पाणी फक्त उतारावरच्या २९ना. अकरा जणांचे २२ कॅन, काकांचे दोन. पाच रोपं कोरडी राहतात, कोणीतरी दुसरी फेरी मारायला हवी.

संस्थांना रविवारच्या माणसांची कमी नाही हे मला यंदा कळलं. बुधवारी पहाटे येणारी माणसं सापडत नाहीत आणि आम्ही तर तसेही तिथेच असतो.

काकांना सांगितलं तर म्हणाले, 'रोपाच्या बुडाशी ओतू नका, आळ्याच्या कडेने सावकाश सोडा आणि वर पाचोळा पसरा.' मग माझा नवा कॅन हातात घेऊन कडी बघितली आणि म्हणाले, 'ट्यूब आणतो मी.'