मदत हवी आहे: 'राम के नाम'चा खेळ, पोलिसांचा तोंडी नकार

आमच्या वाचनालयाच्या सभागृहात आनंद पटवर्धनांचा 'राम के नाम' हा अयोध्येतल्या राममंदिर-बाबरी मशीद वादावरचा माहितीपट दाखवायचा आहे. सभासदांसाठी, विनामूल्य, नंतर चर्चा. माहितीपटाला सेन्सॉरचं यू प्रमाणपत्र आहे, राष्ट्रीय पुरस्कार आहे, शिवाय उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तो दूरदर्शनवरही दाखवला गेला. दाखवण्याची परवानगी आम्ही घेतली आहे.

तरी विश्वस्त म्हणतात, पोलिसांचं ना हरकत पत्र आणा. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, सोबत प्रमाणपत्राची प्रत जोडली. आवक शिक्का मारून पोच मिळाली, पण उत्तर तोंडी: "कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होईल, कशाला भानगडीत पडता?" लेखी काहीच देत नाहीत. विरोधाच्या भीतीपोटी प्रमाणित चित्रपट रोखता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच एस. रंगराजन खटल्यात सांगितलंय. तो निकाल दाखवला, तरी फरक नाही.

घरी यूट्यूबवर बघा, असं कृपया सुचवू नका. एकत्र बसून बघणं आणि बोलणं हाच हेतू आहे. न्यायालयात जायला पैसे नाहीत.

महाराष्ट्रात बंदिस्त सभागृहातल्या अशा विनामूल्य खेळाला पोलीस परवानगी खरंच लागते का, कोणत्या कलमाखाली? आणि लागत असेल, तर नकार लेखी मिळवण्यासाठी अर्ज नेमका कोणाकडे करायचा?