ॲस्टिल्बीला खत कुठलं, किती, कधी? (पानं करपतायत, मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आमचं घर गुहागरजवळ, समुद्रापासून जेमतेम अर्धा किलोमीटर आत. मागच्या दारी विहीर, तिच्याभोवती पंधरा-वीस पोफळी, त्यामुळे सावली हवी तेवढी. त्या सावलीत आजवर अळू आणि नेचे सोडून काही धड झालेलं नाही. नणंद जर्मनीत असते. तिच्या बागेतल्या ॲस्टिल्बीचे फोटो आले आणि मला वेडच लागलं. गुलाबी-पांढरे पिसांसारखे तुरे, आणि तेही सावलीत!

डिसेंबरात ऑनलाइन तीन गड्डे मागवले. 'कुठेही येतं' असं जाहिरातीत होतं. आले ते हुबेहूब सुकलेल्या आल्यासारखे, खाली खराट्यासारखी मुळं. एक कुजला, दोन फुटले. १२ इंची कुंड्या, तळाला नारळाच्या सोडणाचे तुकडे, वर आगरातली लाल माती आणि शेणखत निम्मं निम्मं. फेब्रुवारीपर्यंत पानं इतकी सुरेख होती की येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताला धरून दाखवत होते. कातरलेल्या कडा, लालसर देठ.

मग कुठेतरी वाचलं की हे झाड खादाड आहे, त्याला स्फुरद (फॉस्फरस) लागतं. मार्चमध्ये प्रत्येक कुंडीत मूठभर डीएपी, ते दाणेदार रासायनिक खत, घातलं. पंधरा दिवसांत काही फरक दिसेना, म्हणून आणखी अर्धी मूठ. (बोला आता काय बोलायचं ते.) सध्या पानांच्या कडा तपकिरी, निखाऱ्यावर विसरलेल्या पापडासारख्या चुरचुरीत. कुंडीच्या काठाला पांढरी खर धरलीय. पाणी रोज संध्याकाळी विहिरीचं. तुऱ्याचं नाव नाही.

खत कमी पडतंय की जास्त झालंय? शेणखतावर भागेल का? आणि पाऊस सुरू झाल्यावर काय करायचं?

प्रतिसाद

ताई, मूठभर डीएपी म्हणजे त्या बिचाऱ्याला गणपतीतलं जेवण रोज दोन्ही वेळ! डीएपीत १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद असतं. १२ इंची कुंडीत ते जातं कुठे? ती पांढरी खर म्हणजे साठलेले क्षार. वरची इंचभर माती खरवडून टाका आणि कुंडी खालून धो-धो वाहीपर्यंत गोडं पाणी घाला. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. महिनाभर खताची पिशवी माळ्यावर.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत, पण एक विचारतो. विहिरीचं पाणी आता मचूळ लागतं का?

धागाकर्ती

हो. एप्रिल लागला की डाळ शिजायला वेळ घेते. प्यायला आम्ही नळाचं घेतो. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

प्रतिसाद

मग अर्धा दोष त्या पाण्याचा. स्वतःला लागतं गोडं आणि झाडाला मचूळ, असं कसं चालेल!

आता खताचं. मी काही वर्षं जर्मनीत होतो, तिथे घराला ॲस्टिल्बीचा वाफा होता. तिकडे वसंतात कोंब वर आले की एकदा खत, नत्र कमी आणि स्फुरद-पालाश (पोटॅश) जास्त असं, शिवाय भोवती कुजलेल्या पानांचा थर. फुलं सरल्यावर वाटलं तर आणखी थोडं. बस्स. बाकी लाड करायचे ते ओलाव्याचे. माती एकदा सुकली की पानं करपलीच.

आपल्याकडची जांभ्याची माती आम्लधर्मी, त्यात लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर. नुसतं स्फुरद टाकलं की ही माती ते धरून ठेवते, मुळांना थोडंच मिळतं. म्हणून ते शेणखतात कालवून द्यायचं. हाडांचा चुरा त्याहून बरा, आम्ल मातीत तो सावकाश विरघळतो. कुंडीला दोन चमचे वर्षातून एकदा पुरे. मिश्रणात लाल माती कमी करून कुजलेला पतेरा वाढवा. पावसाळ्यात नत्र घालूच नका, दोन सरींत वाहून जाईल. कुंडी पागोळ्यांखालून उचलून पडवीत घ्या. ओलावा आवडतो म्हणून पाण्यात उभं राहायला आवडतं असं नाही.

आणि आता खरं सांगतो, रागावू नका. तुरा न येण्याचं कारण खत नाहीच. हे झाड मूळचं पूर्व आशियातलं, आपल्या देशात त्याची एक जात हिमालयात मिळते. त्याला थंडीची झोप लागते, ५ अंशांच्या आसपास दहा-बारा आठवडे. गुहागरात पौषातसुद्धा रात्री गोधडी निम्म्यावर सरकवावी लागते. झोप झाली नाही तर कितीही भरवा, नुसती पानं काढून काढून गड्डा थकतो. तुमचे गड्डे बहुतेक शीतगृहातून आले होते, म्हणून पहिल्या दोन महिन्यांत तेवढे तरारले.

धागाकर्ती

म्हणजे मी भुकेलं समजून जेवू घालत होते, आणि ते पेंगुळलेलं होतं! काही उपाय?

प्रतिसाद

हौस असेल तर करून बघा, हमी देत नाही. भाद्रपदात पानं कापून गड्डा काढा, ओलसर काथ्याच्या भुशात गुंडाळून भोकं पाडलेल्या पिशवीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको, पिकलेल्या फळांशेजारीही नको. डिसेंबरात लावा, म्हणजे आपले थंडीचे दोन महिने त्याला वाढीला मिळतील.

प्रतिसाद

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सोनटक्का लावा की! विहिरीच्या पाटाला तोही ओलावा मागतो, शेणखतही मनसोक्त खातो, आणि पावसाच्या शेवटी संध्याकाळी मागचं दार उघडलं की वास. तुरेच हवे असतील तर उन्हाच्या तुकड्यात पिसासारख्या तुऱ्याचं कोंबड्याचं फुलझाड. तीन गड्ड्यांना दिलेत त्या पैशात अख्खा वाफा झाला असता.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार, उशिराने लिहितेय. कुंड्या नळाच्या पाण्याने तीनदा धुतल्या. एक झाड तरीही मेमध्ये गेलं. दुसऱ्याला पडवीत पावसाळाभर नवी पानं आली, करपलेली एकही नाही. सोनटक्का पाटाला लावलाय, त्याचे कोंब गुडघ्याएवढे झालेत.

गौरी-गणपती आटोपल्यावर उरलेला गड्डा सांगितल्याप्रमाणे फ्रिजमध्ये ठेवला. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई तो धुऊन, सोलून किसणीवर धरायच्या बेतात होत्या, चहाला. एका बाजूची साल गेलीय. तेवढ्यावर निभावेल का, की हळद लावून ठेवू?